तीन तिकिटं काढ

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

'इंडियन ओशन' या दिल्लीच्या रॉक बँडच्या पुण्यातल्या कार्यक्रमाची तिकिटं काढ. दोन नव्हे, तीन. तिसरं कुणाचं ते पुढं येईलच.

परवा तू फोनवर म्हणालीस, "पप्पा, त्यातले जुने दोघं आता नाहीत, गाणी सगळी यूट्यूबवर आहेत, आणि तुम्ही या वयात पाच-सहा तास एसटीत बसून पुण्याला येणार. कशासाठी?" त्या वेळी भट्टीवर हीट चालू होती, पोरं ओतायला थांबली होती, म्हणून "बघू" म्हणून फोन ठेवला. पण प्रश्न डोक्यात राहिला. मोबाईलवर एवढं टाइप करायला माझा अंगठा चालत नाही, म्हणून कागद घेतला. जुन्या चलनांच्या पाठीमागं लिहितोय. उलट्या बाजूला कास्टिंगची वजनं दिसतील, ती तुझ्यासाठी नाहीत.

पप्पा 'इंडियन ओशन'चा वेडा आहे एवढं तुला लहानपणापासून माहीत आहे. ही लागण झाली कुठं, ते मात्र मी कधी नीट सांगितलेलं नाही. डिप्लोमा झाल्यावर मी फरिदाबादला एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, लागलो. तुझ्या आजोबांचं म्हणणं होतं, घरच्या शेडमध्ये बसण्याआधी चार वर्षं दुसऱ्याच्या भट्टीपुढं भाजून निघ. एका खोलीत आम्ही चौघं, त्यातला एक भिवानीचा. गडी पैलवान अंगाचा, पण वेड संगीताचं. एका रविवारी, थंडी अशी की नाक दुखावं, तो मला दिल्लीतल्या एका कॉलेजच्या मैदानावर घेऊन गेला. रॉक म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच चित्र होतं : केस हलवणारी पोरं आणि इंग्लिशमधला आरडाओरडा. मी कानटोपी घालून, हात बगलेत खुपसून सगळ्यात मागं उभा.

स्टेजवर चौघं. त्यातला एक मांडी घालून तबला पुढं घेऊन बसलेला. मला वाटलं, आधी भजन आहे, रॉक मागनं येणार. शेजारी एक जण ड्रमसेटवर, एक लांब केसांचा उंच माणूस बास गिटार घेऊन, आणि चौथा मान खाली घालून गिटार वाजवणारा. त्या गिटारवाल्याकडं बघून मी आधी बुचकळ्यात पडलो. ऑर्केस्ट्रात गिटारवाले कॉर्ड धरून झणझण करतात, तसलं तो काहीच करत नव्हता. एखादा सतारिया आलापात फिरतो तसा एकेका सुरावर रेंगाळत चालला होता. मग मांडी घातलेल्यानं तबल्यावर हात ठेवला आणि त्याच दमात गायला लागला. गाता गाता तबला वाजवायचा, तोही असा की दोन्हींपैकी एकाकडंही दुर्लक्ष नाही. आवाज गोड नव्हता बरं का. खरखरीत, छातीतून येणारा, रानात हाक मारावी तसा. ते असीम चक्रवर्ती. गिटारवर सुस्मित सेन, बासवर राहुल राम, ड्रमवर अमित किलम. ही नावं मला नंतर कळली. त्या रात्री फक्त एवढंच कळलं की मी कानटोपी काढलीये आणि आता पुढून तिसऱ्या रांगेत उभा आहे.

मला ते एवढं का भिडलं यावर बराच विचार केलाय. कोल्हापूरच्या माणसाचा कान हलगीवर तयार होतो. लहानपणी तुझे आजोबा मला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेलं ते मैदान, मध्ये लाल मातीचा हौदा. मला कुस्तीतले डाव फारसे कळत नसत, मी हलगीवाल्यांकडं बघत बसायचो. एका बाजूला कागद पेटवून हलगी शेकायची, कातडं ताणलं की थाप कडक वाजते. आणि हलगीवाला कधी ठरलेलं वाजवत नाही. त्याची नजर पैलवानांवर. ते एकमेकांना जोखत फिरतायत तोवर ठेका सावकाश, पट धरला की चढता, आणि कुस्ती चितपट व्हायच्या बेताला आली की असा काही कडकडाट की वरच्या पायऱ्यांवरची माणसं उभी राहावीत. दिल्लीत त्या थंडीत मी तेच बघत होतो. अमितच्या हातात काठ्या, असीमदांचे हात तबल्यावर, आणि दोघांची नजर एकमेकांवर. एकानं काही टाकलं की दुसऱ्यानं उचललं. ठरवून बसवलेलं वाटतच नव्हतं, आणि तरी एक थाप चुकत नव्हती.

बँडची माहिती तुला गुगलवर मिळेल, म्हणून थोडक्यात. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी 1990 मध्ये दिल्लीत हा बँड उभा केला. राहुल राम वर्षभरात आले, अमित 1994 मध्ये. पहिली कॅसेट 1993 ची. दुसरी, 'डेझर्ट रेन', ही 1997 च्या 1 जानेवारीला दिल्लीत 'सहमत' या कलावंतांच्या संस्थेच्या कार्यक्रमात वाजवलं ते तसंच्या तसं टिपलेलं. पथनाट्य करणाऱ्या सफदर हाश्मींच्या आठवणीत तो कार्यक्रम दर वर्षी त्याच तारखेला होतो. मला या लोकांचं हे आवडतं. दुसरी कॅसेट काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी काचेच्या खोलीत जाऊन गाणी घासूनपुसून बसवली नाहीत, लोकांसमोरची संध्याकाळ जशी होती तशी दिली.

मी इथं परत आलो आणि 'कंदिसा' आली. 2000 साल. महाद्वार रोडच्या एका कॅसेटवाल्याकडं मागितली तर तो म्हणाला, "इंग्लिश आहे का?" मी म्हटलं, नाही. "हिंदी?" म्हटलं, काही हिंदी आहेत, एक भोजपुरी आहे, आणि एक अरामी आहे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बास. पण आठवड्याभरात मागवून दिली. ते 'कंदिसा' गाणं म्हणजे केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची अरामी भाषेतली जुनी प्रार्थना. पुढं पुण्यात एका मैदानावर मी हजारभर मराठी पोरापोरींना ती प्रार्थना डोळे मिटून म्हणताना ऐकलंय. एकाला तरी अर्थ माहीत असेल तर शपथ. पण जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवताना तरी कोण अर्थ विचारत बसतं? गळा मोकळा झाला पाहिजे.

आता तुझ्या यूट्यूबच्या मुद्द्याकडं येतो. तू माझी लेक आहेस, फौंड्रीत वाढलीस, तुला हे लगेच कळेल. रेकॉर्डिंग म्हणजे थंड झालेलं कास्टिंग. फेटलिंग झालेलं, कडा घासलेल्या, वजन पक्कं. स्टेजवरचं गाणं म्हणजे लाडलमधलं, ओतायच्या भांड्यातलं, वितळलेलं लोखंड. ते अजून कुठल्याही आकाराचं नसतं आणि ते ओतताना तुम्ही समोर असावं लागतं. 'कंदिसा'तलं एखादं गाणं मी दर वेळी वेगळं ऐकलंय. कधी सुरुवातीची गिटारच इतकी लांबली की शेजारचा पोरगा म्हणाला, "गाणं विसरले काय?" कधी मधलीच ओळ धरून असीमदा तिच्याभोवती फिरत राहिले आणि बाकी तिघं गपचूप त्यांच्यासाठी वाट करत राहिले. एकदा लाइट गेली. माईक बंद, गिटार बंद. राहिला तबला आणि ड्रम. दोघांनी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या तालावर मैदान धरून ठेवलं. लाइट आली तेव्हा लोकांनी नाराजीनं 'आऽऽ' केलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते कुठल्या यूट्यूबवर आहे सांग.

आवाजाबद्दलही एक सांगून टाकतो, कारण तुझी आई म्हणते, गणपतीत डॉल्बीच्या नावानं खडे फोडता आणि तिकडं पैसे देऊन स्पीकरपुढं उभे राहता. दोन्ही मोठे आवाज असतात हे मान्य. पण डॉल्बी छातीवर नुसता बुक्क्या मारतो, त्यात दुसऱ्याला जागा नाही. महाद्वार रोडला मिरवणुकीत एका मंडळाच्या डॉल्बीपुढं दुसऱ्याचं ढोलपथक मेलं की मेलं. चांगला बँड कितीही मोठ्यानं वाजला तरी त्यात बास कुठला, तबल्याचा डग्गा कुठला, हे वेगळं ऐकू येतं. अमित मध्येच ड्रम सोडून गाबगुबी घ्यायचे, बंगालच्या बाउलांचं ते काखेत धरून तार छेडायचं वाद्य. एवढ्या मोठ्या स्पीकरमधून त्याचं ते कुईकुई सुद्धा शेवटच्या रांगेत पोचायचं. आवाज मोठा असणं आणि जागा खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या मंडळांना कुणी सांगायचं? मी सांगायला गेलो तर वर्गणी दुप्पट करतील.

आता तिसऱ्या तिकिटाचं. ते आईचं.

तू दोन-अडीच वर्षांची असशील. तुला आजीकडं ठेवून मी आईला पुण्याला घेऊन गेलो होतो. तिला असल्या गाण्यांची आवड नव्हती. तिचं गाणं म्हणजे सांगली आकाशवाणी आणि जात्यावरच्या ओव्या. ती आली ती लक्ष्मी रोडच्या खरेदीसाठी, हे तिनं आधीच सांगितलं होतं. कार्यक्रमात ती पिशव्या पायाशी घेऊन सतरंजीवर बसून राहिली. मी दर गाण्याला तिच्याकडं बघायचो, ती जांभई दाबायची.

मग राहुल राम 'मा रेवा'बद्दल बोलायला लागले. तुला माहीत आहे का, हा माणूस अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी करून आलेला, आणि परत आल्यावर नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिलेला. तिथं खोऱ्यातल्या लोकांकडून शिकलेलं हे गाणं. रेवा म्हणजे नर्मदाच. गाण्यात धरण नाही, मोर्चा नाही, कुणाला शिव्या नाहीत. नदीची नुसती स्तुती आहे, आई म्हणून. ज्यांची गावं जाणार होती ते लोक नदीला आई म्हणत होते, एवढंच. आपल्या महाराष्ट्रातली मणिबेलीसारखी गावं त्याच पाण्यात गेली.

गाणं सुरू झालं आणि तुझी आई पिशव्या सोडून उभी राहिली. नाचली वगैरे नाही, तुला माहीत आहे ती. नुसती उभी राहिली, पदर खोचून, शेतात उभं राहून लांब बघतात तशी. गाणं संपल्यावर बसली. काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. रात्री पुणे स्टेशनवर महालक्ष्मी पकडली, तेव्हाही तिनं फक्त खिडकी मागितली.

सकाळी मिरज सोडल्यावर अंकलीच्या पुलावर कृष्णा लागली. पाणी बघितल्याबरोबर ती बोलायला लागली. तिचं माहेर दूधगंगेच्या काठचं, हे तुला ऐकून माहीत आहे. तू तिच्या माहेरी म्हणून जिथं गेलीस ती धरणग्रस्तांची वसाहत, सपाटीवरची, सरळ गल्ल्यांची. खरं गाव तिच्या लहानपणीच पाण्याखाली गेलं. लग्नानंतर एवढ्या वर्षांत तिनं त्यातलं मला फारसं सांगितलं नव्हतं, आणि त्या सकाळी ती जयसिंगपूरपासून कोल्हापूर येईपर्यंत शेतांची नावं सांगत होती. आंब्याची पट्टी. वाघजाईचं टेक. थोरल्या आबांचं खाचर. मधला माळ. खेकड्याचा वघळ. कुठल्या बांधावर करवंदीची जाळी होती, कुठल्या शेतात भाताची रोपं आधी हिरवी व्हायची. समोरच्या बाकावरची एक बाई तिचंच ऐकत होती. हातकणंगल्याला उतरताना ती बाई म्हणाली, "आमचं कोयनेत गेलं." बास, एवढंच, आणि उतरली.

2023 च्या दिवाळीत थेट पाइपलाइनचं पाणी, म्हणजे दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातलं, कोल्हापुरात आलं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. घरात नळाला पाणी आलं तेव्हा आईनं पहिला तांब्या भरून देवापुढं ठेवला. मग स्वयंपाक करता करता 'मा रेवा' गुणगुणत होती. शब्द तिचे तिनंच घातले होते, रेवाच्या जागी दूधगंगा. ती पुण्याला यायला नको म्हणेल. गुडघे दुखतात म्हणेल. तरी काढ.

बँडचं एक मला पटत नाही तेही सांगतो, नाहीतर तू म्हणशील भक्त झालाय. 'बंदे' हे गाणं. गाणं जबरदस्त आहे, शंका नाही. पीयूष मिश्रांचे शब्द, असीमदांचा तो फाटत जाणारा आवाज. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरच्या 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमातलं. सिनेमा कोर्टात अडकला, 2007 मध्ये लागला, पण गाणं त्याच्या आधीच कॉलेजाकॉलेजात पोचलं होतं. त्यानंतर काय झालं, पहिल्या गाण्यापासून मागची पोरं "बंदेऽऽ, बंदेऽऽ" ओरडायला लागली. समोर कबीराच्या शब्दांवरचं 'झीनी' चालू आहे, असीमदा डोळे मिटून गातायत, आणि हे मागून "बंदेऽऽ!" आपल्याकडं लावणीच्या कार्यक्रमात फर्माईश करणारे असतात तेही निदान चिठ्ठी पाठवतात. बँडवाले हसून घ्यायचे आणि शेवटी वाजवायचे. मी असतो तर वाजवलंच नसतं. पण मी लोखंड ओततो, माझं कोण ऐकतो.

2009 च्या 25 डिसेंबरला असीमदा गेले. हृदयविकार. भिवानीच्या मित्राचा फोन आला. आमचं बोलणं वर्षा-दोन वर्षांतून एकदा व्हायचं, त्यामुळं त्याचं नाव स्क्रीनवर दिसल्याबरोबरच पोटात गोळा आला. त्याला बोलता येईना, मलाही. शेवटी तो म्हणाला, "भाई, वो टोपी वाली रात याद है?" आणि ठेवला.

पुढच्या वर्षी त्यांची असीमदांसोबतची शेवटची गाणी आली. '16/330 खजूर रोड' असं अल्बमचं नाव. हा दिल्लीतल्या करोलबागेतल्या त्या जुन्या घराचा पत्ता, जिथं बँड वर्षानुवर्षं सराव करायचा. गाणी त्यांनी विकली नाहीत. दर महिन्याला एक, इंटरनेटवर फुकट. शेडमधल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर एक गाणं उतरायला कितीतरी वेळ लागायचा, तू माझ्या मांडीवर बसून ती निळी पट्टी पुढं सरकताना बघायचीस आणि ती पूर्ण भरली की टाळ्या वाजवायचीस. तुला ते आठवत नसणार. उर्दू कवी नून मीम राशिद यांच्या कवितेवरचं 'डरते हो' त्यातलंच. ते मी शेडमध्ये लावलं की आमचा भट्टीवाला हातातलं काम थांबवून ऐकायचा. गाणं संपलं की म्हणायचा, "मालक, ह्यो गेलेला मानूस हाय न्हवं?" त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी बराच काळ गेलो नाही. नवीन दोघं आले होते, गायला हिमांशू जोशी, तबल्यावर तुहिन चक्रवर्ती. माझं मन तयार नव्हतं. शेवटी गेलो तो हाताची घडी घालून उभा राहिलो, परीक्षा घ्यायला आल्यासारखा. हिमांशूंचा आवाज तालमीतला, वर चढणारा, स्वच्छ. असीमदांच्या खरखरीच्या जागी हा रेशमी आवाज मला तासभर टोचत राहिला. तबला वाजवणारा वेगळा, गाणारा वेगळा, म्हणजे एका माणसाचं काम दोघांत वाटलेलं. मला तेही टोचलं.

पण मग एक गाणं असं आलं की ज्यात असीमदा नेहमी एक ठरावीक जागा घ्यायचे, चढत जाऊन एकदम थांबायचे. मी ती जागा येण्याची वाट बघत होतो, बघू हा काय करतो म्हणून. हिमांशू त्या जागेकडं आले आणि त्यांनी ती घेतलीच नाही. मोकळी सोडली. तुहिननं नुसती डग्ग्यावर एक मींड काढली, आणि राहुल राम, अमित आणि सुस्मित तिघंही त्या मोकळ्या जागेकडं वळून बघितल्यासारखे थांबले. क्षणभरच. मग गाणं पुढं गेलं, वेगळ्या वाटेनं. माझी हाताची घडी कधी सुटली मला कळलं नाही. नक्कल केली असती तर मी परत गेलो नसतो.

2013 मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, स्वतःचं काम करायला. त्यांच्या जागी निखिल राव आले. त्यांची गिटार अगदी वेगळी, इलेक्ट्रिकची धार असलेली. जुन्या चाहत्यांत तेव्हा मोठी नाराजी होती, पण मी असीमदांच्या वेळी नाराज होऊन मोकळा झालो होतो, त्यामुळं या वेळी त्रास कमी झाला. 2014 मध्ये त्यांनी 'तंदानू' काढला, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट अशा मोठमोठ्या पाहुण्यांना घेऊन. 2023 मध्ये 'तू है'. म्हणजे तू ज्यांना "उरलेले" म्हणतेस ते नवीन गाणी करतायत, जुन्या नावावर पोट भरत बसलेले नाहीत.

आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला 2024 च्या 8 ऑगस्टला आग लागली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. तू तेव्हा पुण्यातून व्हिडिओ कॉल केला होतास आणि मी रडत होतो, ते तू बघितलंस. तिथं मी आजोबांच्या मांडीवर बसून शाहीर पिराजीराव सरनाईकांना ऐकलंय. डफावर थाप पडली की आजोबांच्या मांडीचे स्नायू ताणले जायचे, ते मला अजून आठवतं. आगीच्या दुसऱ्या दिवशी तिथं जमलेल्या म्हाताऱ्या लोकांत काहीजण म्हणत होते, आता पूर्वीसारखं होणार नाही. बरोबर आहे, होणार नाही. पण उद्या तिथं पडदा वर जाईल तेव्हा मी "लाकूड जुनं नाही" म्हणून घरी बसणार आहे काय?

तर मी येणार आहे. आता कामाचं सांगतो.

सगळ्यात पुढं उभं राहू नको. पहिल्यांदा जाणारे सगळे स्टेजला चिकटतात, तिथं नुसता बास ऐकू येतो. साउंडचा माणूस मैदानात मध्यभागी टेबल टाकून बसलेला असतो, त्याच्या पुढं दोन-तीन हात, तिथं जागा धर. तो जे ऐकतो तेच आपल्याला ऐकू येतं. कानात घालायचे बोळे आण, तुझ्यासाठी आणि आईसाठी. मला नकोत, भट्टीनं माझे कान आधीच निम्मे घेतलेत. आईसाठी घडीची खुर्ची आत नेऊ देतात का ते तिकीट काढतानाच विचार, आणि नाही म्हणाले तर मला सांग, मी तिथल्या माणसाशी बोलतो. कोल्हापुरी भाषेत नाही, नीट बोलेन.

गाणं सुरू झाल्यावर मोबाईल वर करून शूट करू नको. एक गाणं कर हवं तर, मैत्रिणींना दाखवायला. नजर गाणाऱ्यावर ठेवू नको, सगळे तेच करतात. तुहिन आणि अमित एकमेकांकडं कधी बघतात तेवढं बघ. ज्या क्षणी बघतात त्याच्या पुढच्या चार ठोक्यांत काहीतरी बदलणार असतं. आणि राहुल राम बोलायला लागले की लक्ष दे, ते गाण्याइतकंच मोठं काम आहे. राजकारणावर टोले असतात, आईला आवडतील.

'मा रेवा' वाजलं तर आईकडं बघू नको. तिला बघितलेलं चालत नाही.

भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा घेऊन येतो. आत खायला नेऊ देत नाहीत, म्हणून आधी तुझ्या रूमवर जेवू. त्या तुझ्या बंगाली मैत्रिणीला खर्डा झेपत नाही असं तू म्हणाली होतीस, तिच्यासाठी वेगळं दही लाव.

तुझा,
पप्पा